नवा दिवा जुना करून

चांगलं काम शिकायला आयुष्य जातं, असं सगळेच सांगतात. वाईट काम शिकायलाही जातं, हे मात्र बेबीआत्याला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. त्या दिवशी सकाळपासून ती आणि तिचे दोघे थोरले भाऊ, असे तिघं मिळून एक दिवा बिघडवायला बसले होते. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, तरी दिवा काही बिघडेना.

हा दिवा टेबलावरचा नव्हे. जमिनीवर उभा राहणारा, माणसाहून उंच. खाली जड गोल बैठक, तिच्यातून सरळ वर निघालेला पोलादी पाइप, आणि वर गेल्यावर तो पाइप, उंच माणूस लहान पोराचं बोलणं ऐकायला वाकतो तसा, सावकाश पुढे वाकलेला. टोकाला अर्धगोल टोपी. नखशिखांत क्रोम. फूल नाही, वेल नाही, उगाच कुठे गोंडा नाही. ज्या काळात घरोघरच्या दिव्यांना झालरी असायच्या त्या काळात या तिघांनी हा दिवा केला होता, आणि तेव्हा बघायला आलेल्यांनी विचारलं होतं, "याचं काम अर्धं राहिलंय का?"

केला होता तोही कुणाच्या दिवाणखान्यासाठी नव्हे. कारखान्यात तेव्हा दवाखान्याच्या खाटा बनायच्या. दातांचे एक डॉक्टर आले आणि म्हणाले, मला असा दिवा हवा की तो उभा राहील बाजूला आणि उजेड पाडेल पेशंटच्या तोंडात. दादाने, म्हणजे थोरल्याने, खाटेचाच पाइप घेतला, वाकताना चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरली आणि लाकडी साच्याभोवती एका दमात वाकवला. भाऊने, म्हणजे मधल्याने, त्याला टाकीत बुडवून आधी निकेल आणि मग क्रोम चढवलं. आणि दादाच्या हातून सुटल्यापासून भाऊच्या टाकीत जाईपर्यंत तो पाइप बेबीच्या ताब्यात होता. क्रोम काही झाकत नाही. खालचा ओरखडा ते दुप्पट करून दाखवतं. म्हणून फिरत्या कापडी चाकावर ती पाइप असा घासायची की त्यात स्वतःचे दात मोजता आले पाहिजेत. डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड वासून पडलेल्या माणसाला दुसरं बघायला काय असणार? दिवाच. दाढ काढून झाली की जड जिभेने लोक विचारायचे, "दिवा कुठून घेतला हो?" असा तो दिवा गावभर झाला. हॉटेलांत गेला, ऑफिसांत गेला, ज्यांना आपण इतरांच्या पुढे आहोत असं वाटायचं त्यांच्या घरांत गेला.

मग फॅशन फिरली. लाकूड आलं, पितळ आलं, प्लास्टिक आलं. कारखाना नळांवर, टॉवेलच्या दांड्यांवर आणि सायकलींच्या हँडलांवर जगू लागला. दादाचे गुडघे गेले, भाऊला कमी ऐकू येऊ लागलं, आणि बेबी होती ती बेबीच राहिली, फक्त भाचरांमुळे मागे आत्या लागलं. लग्न तिने केलं नव्हतं. मागणी घालायला आलेल्या एकदोघांना तिचे काळे हात आवडले नाहीत, आणि तिला ते दोघे आवडले नाहीत. कारखान्याच्या वरच, लोखंडी जिना चढून गेलं की तिची खोली होती.

अलीकडे दादा येता-जाता एकच वाक्य बोलत होता. "वर्षअखेरपर्यंत काम आलं नाही तर शटर ओढायचं, जागा मालकाला देऊन टाकायची." त्याला जायला मुलाचं घर होतं. भाऊला मुलीचं होतं. बेबीआत्याला वरची खोली होती, आणि ती खोली कारखान्याबरोबर जाणार होती. चाक तर जाणारच होतं. चाकाशिवाय सकाळी उठून करायचं काय, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. या विचाराने ती घाबरायची, आणि घाबरली की सगळ्यांवर ओरडायची.

अशा वेळी सुगंधराव आला. हे नाव आत्यानेच ठेवलेलं. तो आत शिरण्याआधी त्याचा वास आत शिरायचा. शहराच्या चांगल्या भागात त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातून त्याला यांचाच एक दिवा मिळाला होता आणि त्याचा सांधा दुरुस्त करायला तो माग काढत इथवर आला होता. भिंतीला टेकवलेला लाकडी साचा बघून त्याचे डोळे चमकले.

"म्हणजे तुम्ही अजून हे बनवू शकता?"

"शकतो म्हणजे?" दादा म्हणाला. "पाइप आणा, उद्या घेऊन जा."

सुगंधराव स्टुलावर बसला, रुमालाने आधी स्टूल पुसून. लोकांना हे दिवे पुन्हा हवे झाले आहेत, तो म्हणाला. पण नवे नकोत. जुने हवेत. जरा मळलेले, जरा गंजलेले, कुठे पोचा आलेला. तुम्ही बनवा, आणि बनवून झाला की थोडा जुना करून द्या. मी कितीही घेईन. "आणि आजी, घासण्याचं काम तुमचं ना? मग ते जरा कमी घासा, म्हणजे झालं."

"आजी म्हणू नका," आत्या म्हणाली. "तुमच्या वडिलांना मी ओळखत नाही."

तो गेल्यावर भांडण झालं. दादाचं म्हणणं सरळ होतं. आकार आपला, हात आपले, साचाही तोच. यात चोरी कुठे आहे? नुसतं वय जरा वाढवून सांगायचं.

"लोक वय कमी करून सांगतात, दादा. वाढवून सांगणारा तूच पहिला."

"मग ओढू शटर?"

वरच्या खोलीकडे जाणारा जिना तिला समोरच दिसत होता. ती म्हणाली, "करा काय करायचं ते," आणि असं म्हणणाऱ्या माणसालाच शेवटी ते करावं लागतं.

तर असा तो बिघडवायचा दिवस उजाडला. पोचा पाडायचं काम दादाकडे आलं. त्याने हातोडी घेतली, मग ठेवली, पेन्सिल घेतली आणि पाइपवर खूण केली. "पोचाच पाडायचाय ना? मग खूण कसली?" आत्याने विचारलं. "मध्यावर नको का यायला?" तो म्हणाला. पोचा अगदी मध्यावर आला. मग एकच बरा दिसेना म्हणून त्याने समोरच्या बाजूला जोडीचा पाडला. भाऊला सांगितलं होतं की निकेलच्या टाकीतून पाइप वेळेआधी काढ, थर पातळ राहील, लवकर पोपडे धरेल. भाऊ टाकीपाशी उभा राहिला. हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला. "अजून जरासा राहू दे," असं स्वतःशीच म्हणत म्हणत त्याने तो पुरेपूर वेळ ठेवला आणि वर जास्तीचाही ठेवला.

आत्याच्या वाट्याला ओरखडे होते. तिने पॉलिश पेपर घेतला, डोळे मिटले, दात-ओठ खाल्ले आणि घासलं. पण हात हा फार हट्टी प्राणी आहे. त्याला एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकाला पोचायची सवय. ओरखडे आले ते वरपासून खालपर्यंत, एकसारखे, शेजारी शेजारी, रेशमाच्या कापडावर असतात तसे. संध्याकाळी सुगंधराव आला, दिव्याभोवती फिरला आणि रडवेला झाला.

"अहो, हा तर आणखीच सुंदर झाला! हा कुणाला जुना वाटेल?"

भाऊ हसू लागला. त्याला ऐकू काय आलं होतं कुणास ठाऊक, पण तो हसला म्हणून दादा हसला, आणि आत्याला तर डोळे पुसावे लागले. तिघं असे एकत्र फार दिवसांनी हसत होते. सुगंधराव मात्र हसला नाही. तुम्ही नवेच करून द्या, तो म्हणाला, जुने करायचं माझा माणूस बघेल. अट एकच. दुकानाकडे कुणी फिरकायचं नाही. "तिकडे तुमचं तसं कामही काय?"

पुढचे दिवस खरं सांगायचं तर सुखाचे गेले. नवे दिवे करायचे म्हटल्यावर कारखान्यात जीव आला. दादा गुडघ्याला शिव्या घालत पाइप वाकवत होता. भाऊ टाकीतलं पाणी ढवळत गुणगुणत होता. आत्या चाकासमोर उभी राहिली की तिचं वय गळून पडायचं. दिवे तयार व्हायचे, गाडी यायची, दिवे जायचे. गेल्यावर त्यांचं काय होतं ते कुणी विचारत नव्हतं. आत्याने स्वतःला बजावलं होतं की विचारायचं नाही.

पण मुलगी सासरी दिली की ती नांदते कशी हे बघावंसं वाटतंच. एके दिवशी दुपारी आत्याने हात घासून धुतले, बरे कपडे घातले, डोळे तपासून येते असं खोटं सांगितलं आणि बस पकडून सुगंधरावाच्या दुकानात गेली.

काचेचा दरवाजा आवाज न करता उघडला. आत गारवा होता, जुनी घड्याळं होती, टाइपरायटर होते, कुठेतरी मंद संगीत वाजत होतं. चामड्याच्या खुर्चीशेजारी तिचा दिवा उभा होता. तिने तो आधी ओळखलाच नाही. क्रोमवर कसलंतरी ऍसिड फिरवलं होतं, त्यामुळे सगळ्या पाइपला आजारी माणसाच्या जिभेवर असतो तसा पांढुरका थर आला होता. दादाच्या वळणावर गंजाचे ठिपके उठले होते. टोपीवर कुणीतरी खिळ्याने ओरबाडलं होतं, उलटसुलट, मन मानेल तसं. आपण एवढं घासतो ते यासाठी? तिला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण हे होणार हे तिला ठाऊक होतं.

दिव्यासमोर एक जोडपं उभं होतं. चांगल्या कपड्यांतले, मऊ बोलणारे. सुगंधराव त्यांच्याशी बोलत होता आणि त्याची पाठ आत्याकडे होती.

"तीन भावंडांचा छोटासा कारखाना होता," तो सांगत होता. आवाज त्याने मुद्दाम खाली आणला होता. "थोरला पाइप वाकवायचा, मधला क्रोम चढवायचा. एक बहीण होती, ती पॉलिश करायची. कलाकार माणसं. तिघंही गेली. पाठोपाठ."

"अरेरे," ती बाई म्हणाली. हळहळ खरीच होती, पण हळहळताना तिचा हात दिव्याकडे गेला होता.

"म्हणूनच तर याला मोल आहे. आता असा दिवा होणे नाही."

आत्याने आधी मागे वळून बघितलं, कोण गेलं ते. मग तिला कळलं. एक क्षण तिला खरंच हात-पाय गार पडल्यासारखं झालं. मग सगळा गारवा जाऊन कानशिलं तापली, आणि ती पुढे झाली.

"कशाने गेली हो?" तिने विचारलं.

सुगंधराव वळला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"नाही, आपलं विचारते. तिघं पाठोपाठ म्हणजे साथ-बिथ आली होती का? की घरात भांडणं झाली?"

"तुम्ही नंतर या," तो म्हणाला, आणि त्या जोडप्याकडे वळून हसला. "आमच्याकडे साफसफाईला येतात. वय झालंय, जरा भ्रमिष्टासारखं बोलतात."

भ्रमिष्ट म्हटलं नसतं तर कदाचित ती तिथून निघूनही गेली असती, असं आत्या पुढे सांगायची. पण त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

"साफसफाई करते हे मात्र खरं," ती म्हणाली. तिने पिशवीतून पॉलिशची हिरवी वडी काढली. ती तिच्या पिशवीत कायम असायचीच, इतर बायकांच्या पिशवीत फणी असते तशी. रुमालावर घासली आणि दिव्याच्या पाइपवर, बरोबर छातीच्या उंचीवर, जोर लावून पुसू लागली. सुगंधराव "अहो, अहो" करत पुढे आला. आत्याने कोपर बाहेर काढलं. चाकासमोर आयुष्य काढलेल्या बाईचं कोपर होतं ते. तो थांबला.

पांढुरका थर निघाला. हाताएवढा पट्टा लखलखू लागला.

"ठिपके जायचे नाहीत," ती त्या बाईला म्हणाली, "ते आत उतरलेत, ऍसिड ओतलंय या मेल्याने. पण इथे बघा. दिसते का मी? मेलेल्या माणसाचं तोंड असं दिसतं का? मी ती बहीण. गेलेल्या तिघांतली तिसरी. वाकवणारा दादा आत्ता कारखान्यात बसून मला शिव्या देत असेल, उशीर झाला म्हणून. आणि मधल्याला ऐकू कमी येतं, पण ते काही मरण नव्हे."

बाई नवऱ्याकडे बघू लागली. नवऱ्याने घसा साफ केला. "मग हा दिवा कधीचा?"

"गेल्या महिन्यातला."

"गेल्या महिन्यातला," बाईने पुन्हा म्हटलं. "म्हणजे जुना नाही. आणि तुम्हीही... आहात." दोन्ही गोष्टी तिने मालातली खोट सांगावी तशा सांगितल्या. आत्याला वाटलं होतं की ती सुगंधरावावर चिडेल. पण ती आत्यावरच नाराज झालेली दिसली, हातातोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखी. दोघं निघून गेली. काचेचा दरवाजा पुन्हा आवाज न करता बंद झाला.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" सुगंधराव म्हणाला. आता त्याचा आवाज मुळीच मंद नव्हता.

"कळतंय की. तुम्ही पुरलं होतं, मी उठून बसले."

"उद्यापासून तुमचं काम बंद!"

"आजपासून म्हणा," आत्या म्हणाली. "शुभस्य शीघ्रम."

बसमध्ये बसल्यावर मात्र तिने हिशेब मांडला. शहाणपण नेहमी असं मागाहून, परतीच्या बसनेच येतं. काम गेलं. काम गेलं म्हणजे शटर. शटर म्हणजे खोली आणि चाक. सगळं एका दुपारीत, एका वडीने पुसून टाकलं होतं. तिला भीती वाटत होती. पश्चात्ताप होतोय का म्हणून तिने मन चाचपून पाहिलं. तो मात्र कुठे सापडला नाही.

दादाला सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. "पायावर धोंडा पाडून घेतलास! तोही आमच्या!" त्याचा आवाज रस्त्यावर जात होता. "मेलो म्हणाला तर म्हणू दे ना! त्याच्या म्हणण्याने काय मरतोय आपण? पोट तर भरत होतं!"

"कोण मेलं?" भाऊने विचारलं.

"आपण," आत्या त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली. "सुगंधराव सांगतो गिऱ्हाइकांना. तिघंही गेलो, पाठोपाठ."

"मीपण?" भाऊ दुखावला. "माझं तर परवाच रक्त तपासलं. सगळं बरोबर आलं."

दादा आणखी बोलणार होता, पण आत्याने त्याला बोलू दिलं नाही. "शटर ओढायचं तर ओढ, दादा. मी अडवणार नाही. बोचकं बांधीन आणि जिथे ठेवशील तिथे राहीन. पण ओढायचं तर तू ओढ, आपल्या हाताने, आणि लोकांना सांगून. त्याने आपल्याला केव्हाच बंद करून टाकलंय आणि आपण त्याला माल पुरवतोय. तो म्हणतो, आता असा दिवा होणे नाही. आणि तू इथे रोज वाकवतोयस! ऐकून घेणार आहेस का तू हे?"

दादाने काठी घेतली आणि तो घरी गेला. नेहमी तो जाताना दिवे बंद करा म्हणून सांगायचा, तेही त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधरावाची गाडी आली. जोडप्याने बोभाटा केला असावा. ड्रायव्हरने दुकानात आणि गोदामात राहिलेले सगळे दिवे उतरवून फुटपाथवर आडवे टाकले. मालकांनी सांगितलंय, हे तुमचं तुम्हाला, पुन्हा तोंड दाखवू नका. एवढं बोलून तो गेला. आत्या आणि भाऊ दारात उभे होते. दादा तेवढ्यात काठी टेकत आला आणि फुटपाथवरच थांबला.

त्याने तोवर ते बघितले नव्हते. तो अवघडत खाली वाकला, एका दिव्याच्या वळणावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला गंज बघत राहिला. मग दुसऱ्या दिव्यावरून फिरवलं.

"माझ्या वळणाचं हे करतो?" तो म्हणाला. "आणि वर मलाच मारतो?"

"तुला सगळ्यात आधी," आत्या म्हणाली. "थोरला ना तू."

दादाने एक दिवा उचलायचा प्रयत्न केला, त्याला उचलेना, तर त्याने बैठक धरून ओढला. "बघत काय उभी राहिलीयस? चाक सुरू कर. आणि त्या भाऊला सांग टाकी तापवायला. मोठ्याने सांग."

ते काम नव्या दिव्याहून अवघड होतं. भाऊने सगळं क्रोम उतरवलं. आत्याने गंजाचे खड्डे मुळापासून घासून काढले, पोलाद पांढरं होईपर्यंत, आणि मग भाऊने पुन्हा निकेल आणि क्रोम चढवलं. तिचे खांदे इतके दुखले की रात्री कूस बदलताना ती जागी व्हायची. दादाला आता वाकवायचं काही नव्हतं, तर तो चाकाशेजारी स्टूल टाकून बसायचा आणि प्रत्येक पाइप उजेडात धरून म्हणायचा, "इथे अजून आहे. इथे." एरवी तिने त्याला हाकलून दिलं असतं. या वेळी ती मुकाट्याने घासत राहिली.

झाले तेव्हा त्यांनी ते सगळे पुन्हा फुटपाथवर नेले, पण आता उभे करून, ओळीने. आतून लांब वायर ओढली आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, सगळे पेटवले. दादाने खाटेच्या जुन्या पत्र्यावर रंगाने पाटी लिहिली. "हे दिवे नवे आहेत. बनवणारे जिवंत आहेत, आत आहेत." भाऊने ती वाचली आणि "तिघेही" असं घालायला लावलं.

लोक थांबू लागले. काही पाटी वाचून हसले. काहींनी दिव्यात बघून केस नीट केले आणि पुढे गेले. समोरच्या दुकानदाराने विचारलं, उन्हात दिवे लावायला वेड लागलंय का? दादा म्हणाला, हो. पहिल्या दिवशी एकही दिवा गेला नाही. आत्या जिन्याच्या पायरीवर बसून मनात म्हणत होती की वर्षअखेर फार लांब नाही, आणि असं म्हणत असतानाच तिला उद्या कुठला पाइप आधी घ्यायचा हेही सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ थांबला. जाड चष्मा, हातात चांगली छत्री, घाई नसलेला माणूस. तो दिव्यांच्या ओळीतून सावकाश फिरला. एका वळणावरून त्याने हात फिरवला, आत्या फिरवायची तसा, खालून वर. घेणारा माणूस कळतो. आत्याने आत चाक थांबवलं.

"सुरेख आहेत," तो दादाला म्हणाला. पाटी त्याने वाचली नव्हती किंवा त्याला ती गंमत वाटली होती. "किती जुने असतील हो हे? चाळीस-पन्नास वर्षांचे तरी?"

त्याला हो ऐकायचं होतं हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. एक हो म्हटलं असतं तर दिवा गेला असता, कदाचित दोन गेले असते. दादाने काठी दुसऱ्या हातात घेतली. आत्या दारात येऊन उभी राहिली. ती काही बोलणार नव्हती. या वेळी उत्तर त्याचं होतं.

"दिवे कालचे आहेत," दादा म्हणाला. "जुने आम्ही आहोत. घ्यायचा असेल तर आत या, नाहीतर उजेड अडवू नका."

तो माणूस चष्म्यातून दादाकडे बघत उभा राहिला. आत्याने त्याचं उत्तर ऐकायला थांबायचं नाही असं ठरवलं. ती आत गेली आणि तिने चाक सुरू केलं.